बेरीज बरोबर आहे

तक्रार जेमतेम एका ओळीची होती. ‘खोली ९. बेरीज बरोबर आहे पण आजी सुकल्यात.’ त्याने ती वाचली, तेव्हा सकाळचे अकरा चाळीस झाले होते आणि हातातला कॉफीचा कप अजून गरम होता. वीस वर्षं प्रोग्रॅम लिहून माणसाला एक खोड लागते, ती म्हणजे तक्रार वाचताना तिच्यातलं आपलं तेवढं आधी बघायचं. बेरीज बरोबर आहे, असं तक्रार करणारीच म्हणते आहे, मग तक्रार कसली? सुकलेल्या आजीसाठी डॉक्टर असतात, पाणी असतं. त्यासाठी प्रोग्रॅमला का वेठीला धरायचं? पडद्यावर तीन पर्याय होते, त्यातल्या ‘दोष आढळला नाही’ वर त्याचं बोट गेलंसुद्धा. गेलं आणि तिथेच थांबलं, कारण खोली नऊमध्ये त्याची आई राहत होती.

नऊचा आकडा आईपाशी पोचायला त्याला किती वेळ लागला असेल? दोन सेकंद, फार तर तीन. पण त्या तीन सेकंदांचं त्याला पुढे दिवसभर ओझं झालं. खोली आठ असती, तर त्याने तक्रार बंद करून टाकली असती आणि उरलेली कॉफी प्यायला असता. खोली आठमध्येही कुणाची तरी आईच होती की. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी त्याच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्याने वृद्धाश्रमात फोन लावला. पलीकडून ताईंनी उचलला. या ताई तिथल्या जुन्या सेविका, आणि तक्रार लिहिणाऱ्याही त्याच. “दादा, घाबरू नका. डॉक्टर येऊन गेले, सलाईन लावलंय,” त्या म्हणाल्या. “पण या तुम्ही. आज कामबिम राहू दे.”

गाडी चालवताना त्याला आपल्या प्रोग्रॅमचा तो तुकडा पाठ म्हटल्यासारखा आठवत होता. तुकडा होता सतरा ओळींचा, नऊ वर्षांपूर्वी लिहिलेला. सेविका टॅब्लेटवर आपल्या भाषेत नोंद करणार, ‘सकाळी चहा १५०, मग पाणी २००, सूप १८०’, आणि प्रोग्रॅम त्या वाक्यातून आकडे वेचून दिवसाची बेरीज मांडणार. माणसाच्या पोटात दिवसभरात दीड लिटर गेलं, की खोलीच्या क्रमांकाशेजारी हिरवा ठिपका. नाही गेलं तर लाल. सेविकांना रकाने भरायला लावू नका, त्यांना बोलतात तसं लिहू द्या, हा आग्रह त्याचाच होता, आणि त्याबद्दल त्याची पाठही थोपटली गेली होती. वाक्याच्या पहिल्या अक्षरापासून निघायचं. अंक दिसला की पिशवीत टाकायचा. पुढचाही अंकच असेल तर त्याच्या शेजारी ठेवायचा, म्हणजे एक, पाच आणि शून्य असे सुटे न राहता दीडशे होतात. अंक संपला की पिशवी बेरजेत रिकामी करायची आणि पुढे चालू लागायचं. आणि अक्षर दिसलं तर? अक्षर सोडून द्यायचं. पहिल्या खेपेला त्याची एक चूक झाली होती. वाक्य आकड्यावरच संपलं, तर पिशवी रिकामी करायची राहून जायची आणि शेवटचा आकडा बेरजेत यायचाच नाही. ती सापडायला त्याला दोन दिवस लागले होते, आणि सापडली तेव्हा कोण आनंद झाला होता! एक आकडा म्हणून सुटू द्यायचा नाही, याची त्याने इतकी काळजी घेतली होती. शब्दांची काळजी घ्यावी असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही, आणि त्याच्या तर नाहीच नाही.

सिग्नलला गाडी थांबली. शेजारच्या दुकानात काचेमागे एक बाई शिलाई मशीनवर वाकलेली होती, आणि मशीनची टीप ऐकू येत नसूनही त्याला ऐकू आली. आई शिवणकाम करायची. दोन खोल्यांचं घर, त्यातली बाहेरची खोली म्हणजे तिचं दुकान. खिडकीखाली मशीन, भिंतीला उभा आरसा, खिळ्याला टांगलेला टेप, आणि या सगळ्यावर राज्य करणारी मापाची वही. वहीत प्रत्येक बाईची एक ओळ. शेजारची काकू, शाळेतल्या बाई, कोपऱ्यावरची नर्स. ‘छाती ३६ कंबर ३१ उंची १४ बाही ९ घेर १७, डावा खांदा उतरता, पाठीला सैल ठेवणे.’ तो सात वर्षांचा असेल, नुकतीच हातच्याची बेरीज शिकलेला. ज्याला हातोडी मिळते त्याला जिकडे तिकडे खिळेच दिसतात. एका दुपारी त्याने ती वही घेतली आणि प्रत्येक ओळीतले आकडे उपटून त्यांची बेरीज ओळीच्या शेवटी पेन्सिलीने लिहून ठेवली. वहीची पानंच्या पानं. शेजारची काकू एकशे सात. नर्सचा ब्लाउज आणि झगा दोन्ही असल्यामुळे ती दोनशे बारा. संध्याकाळी नर्स कपडे न्यायला आली, तेव्हा आईने वही उघडली आणि बघतच राहिली. आता धपाटा बसणार म्हणून तो मशीनमागे दडला. पण आई हसायला लागली. हसता हसता तिने नर्सला वही दाखवली. “बघा, आमच्या बेरजेबुवांनी तुमचं माप काढलंय. दोनशे बारा! आता सांगा, मी काय शिवू? तंबू?” नर्सही हसली. मग ती गेल्यावर आईने त्याला समोर बसवलं, टेप त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “अरे, छत्तीस कुठला, चौदा कुठला? छत्तीस छातीचा, चौदा उंचीचा. त्यांची एकमेकांशी ओळख तरी आहे का? आकड्याच्या आधी काय लिहिलंय ते वाचावं माणसानं.”

ही गोष्ट त्याने आजवर पंचवीस जणांना तरी सांगितली असेल. नोकरीच्या मुलाखतीत सांगितली, लग्न ठरताना बायकोला सांगितली, कंपनीच्या एका समारंभात माईकवर सांगितली. पण सांगताना तो दरवेळी दोनशे बारापाशी थांबायचा. तिथे लोक हसायचे. आईचं पुढचं बोलणं त्याने कधी सांगितलंच नव्हतं. ते विसरला होता असंही नाही. त्याला वाटायचं, ते गोष्टीचा भाग नाही. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. सिग्नल केव्हाच सुटला होता.

आईला इथे ठेवून आठ महिने झाले होते. कंबरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यांना उठवायला-बसवायला दिवसरात्र कुणीतरी लागेल. दोघं नवरा-बायको नोकरीवर जाणारी. आईच म्हणाली, “मला कुठेतरी नीट ठेव, आणि तोंड पाडून बसू नकोस.” हाच वृद्धाश्रम त्याने का निवडला? तर इथे त्याचा प्रोग्रॅम होता म्हणून. ऑफिसात बसल्या बसल्या त्याला खोली नऊचा ठिपका दिसायचा. रोज संध्याकाळी निघताना तो बघायचा. हिरवा, म्हणजे आई ठीक. रविवारी तो भेटायला यायचा, तेव्हा आई डोळे मिटून पडलेली असायची. मागच्या रविवारी तर ती फारच मलूल वाटली होती. पण त्याने बाहेर येऊन फोनवर ठिपका बघितला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. समोर पडलेल्या आईपेक्षा त्याला ठिपका खरा वाटला. हाताच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. हा तर काकण सोडून आरशातच बघत बसला होता.

खोली नऊ पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. पलंग, कपाट, खिडकी, खिडकीत पाण्याची भरलेली बाटली. आईच्या डाव्या हाताला सलाईन. ओठांना भेगा पडलेल्या, गाल आत गेलेले, आणि डोळे असे की कुणीतरी ते आणखी बोटभर आत ढकलले असावेत. तो पलंगाशी उभा राहिला. ताई उशाशी बसून ओल्या कापसाने आईचे ओठ पुसत होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, दंडात बळ असलेल्या. त्यांनी आईचा उजवा हात उचलला, मनगटामागची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली, तंबूसारखी, आणि मग सावकाश, जिवावर आल्यासारखी खाली बसली.

“सकाळी तर बसतच नव्हती,” ताई म्हणाल्या. “आता बसायला लागलीय. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं वाचली. आणखी दोन दिवस गेले असते, तर आजी हाताला लागल्या नसत्या.”

दोन दिवस. म्हणजे गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी तो ठिपका बघून घरी गेला असता. त्याने पलंगाचा कठडा धरला. “तुमच्या लक्षात कसं आलं?” त्याने विचारलं.

ताई पंधरा दिवस रजेवर होत्या, लेकीचं बाळंतपण होतं. आज सकाळी कामावर आल्या, खोलीत शिरल्या आणि आजींचं तोंड बघून दारातच थबकल्या. रोज बघणाऱ्याला कळत नाही, रोज थोडंथोडंच कमी होतं. त्यांनी टॅब्लेट उघडला, तर पंधराच्या पंधरा दिवस हिरवे. मग त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवून खालचं लिहिलेलं उघडलं आणि एकेक दिवस वाचत गेल्या. तोच टॅब्लेट त्यांनी आता त्याच्या हातात दिला. कालची नोंद होती. ‘चहा १५० दिला, दोन घोट. पाणी २०० ठेवलं, नको म्हणाल्या. सूप १८० दिलं, ४० घेतलं. दूध २०० दिलं, मग पिते म्हणाल्या. पाणी ३०० बाटली भरून ठेवली. रस १५० दिला, ३० गेला. पाणी २५० औषधाबरोबर, अर्धं सांडलं.’ खाली एकूण पंधराशे, आणि हिरवा ठिपका. त्याने सवयीने मनातल्या मनात बेरीज करून पाहिली. बरोबर होती. एक आकडा सुटला नव्हता. आईच्या पोटात गेलं होतं सव्वादोनशे, फार तर.

नऊ वर्षं सेविका फक्त प्यायलेलं लिहीत होत्या, म्हणून निभावत होतं. महिन्यापूर्वी व्यवस्थापकांनी फर्मान काढलं, की आपण किती दिलं तेही लिहा, म्हणजे हयगय झाली असं उद्या कुणी म्हणायला नको. बिचाऱ्या लिहायला लागल्या. वाक्यं बदलली आणि प्रोग्रॅम होता तिथेच. दिलेलं धरलं, घेतलेलंही धरलं, ‘नको’ सोडून दिलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशातली गत. पेला भरून ठेवायचा, तसाच परत न्यायचा, आणि पडद्यावर आई पोटभर पाणी पीत होती.

“ताई,” तो म्हणाला, “हा प्रोग्रॅम मी लिहिलाय.”

“माहितीये की. तुम्हीच नाही का शिकवायला आला होता तेव्हा?”

“तसं नाही. ही चूक माझी आहे. मी फक्त आकडे घेतले. तुम्ही सगळ्यांनी नीट लिहिलं होतं, आणि मी ते वाचलंच नाही.”

ताईंनी कापूस वाटीत ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग असता, तर त्याला बरं वाटलं असतं. “आधी कागदाचा तक्ता होता दादा,” त्या म्हणाल्या. “नुसत्या खुणा करायच्या. त्यात काय कळणार? तुमच्या ह्याच्यात मी नसले तरी पोरींनी काय लिहिलं ते सगळं शब्दन् शब्द राहिलंय. म्हणून तर सापडलं मला. ‘मग पिते म्हणाल्या.’ सोळा वेळा आहे ते, मी मोजलं. माणूस सोळा वेळा मग पिते म्हणतं, म्हणजे त्याला प्यायचंच नाही.”

लिहिलेलं राहिलं होतं, कारण ते त्याने राहू दिलं होतं. तेव्हा कंपनीत सगळे म्हणत होते, बेरीज काढली की मूळ वाक्य पुसून टाका, उगाच जागा अडते. तो अडून बसला होता. का, ते त्याला धड सांगता आलं नव्हतं. आता या खोलीत, टॅब्लेट हातात धरून उभा असताना, कळलं. आईच्या वहीत कधी पान फाडलेलं नसायचं. एखादी बाई जाड झाली, बारीक झाली, तरी जुन्या मापावर आई एक रेघ मारायची आणि खाली नवीन लिहायची. जुनं वाचता आलं पाहिजे, म्हणायची, कापड आत किती धरलंय ते त्याच्यावरून कळतं. ती अर्धी शिकवण त्याने उचलली होती आणि अर्धी वाऱ्यावर सोडली होती. उचललेल्या अर्ध्याने आज आईला हात दिला. त्याला एकदम इतकं भरून आलं, की तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. आईचे आभार मानावेत की ताईंचे, की त्या नवख्या सेविकांचे, ज्यांनी घाईगर्दीत, कुणी वाचणार नाही हे ठाऊक असतानाही ‘नको म्हणाल्या’ असं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या आपल्यासारख्याला हे सगळे सांभाळून घेत होते, आणि आपण मात्र ठिपक्याला हात जोडत होतो.

मग तो भानावर आला. खोली नऊ एकटीच नव्हती. त्याने ऑफिसात फोन लावला आणि प्रोग्रॅम तपासणारीला सांगितलं, “बेरीज बंद कर. ठिपकेही. आत्ताच्या आत्ता. नुसती वाक्यं दिसू देत.” तिने विचारलं, तक्रारीपुढे काय लिहू? “लिही, दोष माझा.” ताईंनी तोवर दुसऱ्या सेविकेला बोलावलं होतं. दोघी टॅब्लेट घेऊन खोल्याखोल्यांतून गेल्या, प्रत्येक नोंद मोठ्याने वाचली, प्रत्येक मनगटामागची कातडी चिमटीत धरून पाहिली. पाऊण तासाने ताई परत आल्या, त्यांच्या कपाळावर घाम होता. चार आणि सोळा नंबरचे आजोबा तसेच निघाले. आजींइतके नाही, पण त्या वाटेवर. डॉक्टरांना पुन्हा बोलावलं होतं. खोली आठच्या आजी मात्र ठणठणीत होत्या, त्यांनी ताईंना कातडी ओढली म्हणून शिव्या घातल्या. ते ऐकून त्याला हसू आलं, आणि त्या शिव्यांबद्दलही त्याने मनोमन आभार मानले.

“पण आई पीत का नाही?” त्याने हळूच विचारलं. “तहान लागत नाही तिला?”

ताईंनी आईकडे बघितलं. आई डोळे मिटून होती. “लागते की. मी होते तेव्हा माझ्या हातून प्यायच्या. मी एकटी उचलू शकते ना त्यांना. नव्या पोरींना दोघी लागतात. एक आली की दुसरीला हाक मारायची, तोवर आजी ताटकळणार, मग त्या दोघी धापा टाकणार. आजींना वाटतं, आपल्यापायी किती जणांना त्रास. मग काय, प्यायचंच नाही. प्यायलं नाही तर लघवीला जावं लागत नाही.” त्या खाली वाकून मोठ्याने म्हणाल्या, “हो की नाही हो आजी?”

आईने डोळे उघडले नाहीत. पण तिच्या ओठांचा कोपरा किंचित हलला, चोरी पकडली गेल्यावर हलतो तसा. हे तिचं जुनंच होतं. कामाची गर्दी असली की ती दिवस दिवस मशीनवरून उठायची नाही, आणि उठायला लागू नये म्हणून पाण्याला शिवायची नाही. “आई, पाणी पी ना,” असं तो म्हणायचा, तेव्हाही तिचं उत्तर ठरलेलं, मग पिते.

ताईंनी त्याला उचलायला शिकवलं. समोर उभं राहायचं, गुडघे वाकवायचे, दोन्ही हात काखेतून पाठीमागे न्यायचे. ओढायचं नाही, त्यांचं वजन आपल्या छातीवर येऊ द्यायचं, आणि मग दोघांनी मिळून उठायचं. त्याने ताईंनाच खुर्चीतून तीनदा उचलून दाखवलं. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, “जमलं. रविवारी नुसते शेजारी बसत होता, त्यापेक्षा हे बरं.” बोलणं लागलं, पण खरं होतं. सलाईन संपल्यावर सुई काढून त्या निघाल्या, तेव्हा त्याने त्यांना थांबवलं आणि दोन्ही हात जोडले. “ताई, तुम्ही नसता तर...” “मी नसते तर काय,” ताई म्हणाल्या, “मी पंधरा दिवस नव्हतेच की. पोरींनी खरं लिहिलं, म्हणून झालं. त्यांना सांगा दोन शब्द. त्यांना कुणी काही सांगत नाही.” तो म्हणाला, सांगतो. आणि आजच सांगायचं असं त्याने ठरवलं.

दुपार कलत होती. उन्हाचा पट्टा पलंगावरून भिंतीवर चढला होता. त्याने आईला उशांवर टेकवून बसवलं आणि पेला तिच्या ओठांशी नेला. तिने एक घोट घेतला आणि हाताने पेला दूर केला. “मग पिते.”

“आई, मी आहे,” तो म्हणाला. “मी उचलीन तुला. ताईंनी शिकवलंय. रोज येईन मी संध्याकाळी, ऑफिस सुटलं की. तू पी, आणि मग मला हाक मार.”

आईने त्याच्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघत राहिली. मुलगा, पोट सुटलेला, केस विरळ झालेले, डोळे ओले. माप घ्यायच्या आधी ती गिऱ्हाइकाकडे अशीच बघायची, टेप गळ्यात टाकून, काही न बोलता. मग तिने हात पुढे केला, पेला त्याच्या हातातून स्वतःच्या हातात घेतला आणि प्यायली. थांबत थांबत, पण सबंध. पाणी घशातून खाली जाताना तिच्या मानेची शीर हलत होती, आणि ती हललेली बघण्यात तो इतका गुंतला की पेल्यात किती होतं हे त्याने बघितलंच नाही. रिकामा पेला त्याला देऊन तिने पुन्हा डोळे मिटले. तो तिचा हात धरून बसून राहिला. मघा चिमटीत धरलेली जागा आता जरा मऊ लागत होती. बाहेर जिन्यात नव्या सेविकांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

अर्धा तास गेला असेल. आईने त्याचं बोट ओढलं. तो वाकला. तिचा आवाज अजून घोगरा होता, पण त्यात जुनी ताकद थोडी परत आली होती.

“अरे,” ती म्हणाली, “मला जायचंय. उचल.”

आठ महिन्यांत तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. तो उठला, तिच्यासमोर उभा राहिला, गुडघे वाकवले आणि दोन्ही हात तिच्या काखेतून पाठीमागे नेले. तिचं सगळं वजन त्याच्या छातीवर आलं.